अर्ध्यावर थांबलेला अभिमन्यू

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक चित्रकथी राहायचा. राजा का नाही म्हणून विचारू नका. राजांच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. ह्याचं नाव होतं बाबल. चित्रकथी म्हणजे काय, तर ह्याच्याकडे कागदावर रंगवलेली चित्रं असायची, एकामागून एक लावलेली. राम वनात निघाला, हे एक चित्र. सीता हरणाला भुलली, हे पुढचं. चित्रांच्या अशा जुडीला ते लोक पोथी म्हणायचे. बाबल देवळात बसायचा, एकेक चित्र उभं धरायचा आणि गोष्ट सांगायचा. कौरव कोण, पांडव कोण, हे गावातल्या पोरांना बाबलमुळेच ठाऊक. तेव्हा काय शाळा होत्या थोड्याच!

शेजारी त्याचा मुलगा बसायचा, सावळ्या. नुकतं मिसरूड फुटत होतं त्याला. तो हुडूक वाजवायचा. हुडूक म्हणजे डमरूचा थोरला भाऊ म्हणा. बापानं लढाई सांगितली की ते धडधडायचं, बापानं रडणं सांगितलं की ते हळू बोलायचं. बापलेकाचं इतकं जमायचं की लोक बघत राहायचे.

आता त्यांच्यात एक रीत होती, बरं का. पोथी एकदा उघडली की अर्ध्यावर मिटायची नाही. पाऊस येवो, वारा येवो, दारात कोणी येवो. शेवटचं चित्र दाखवायचं आणि मग सांगणाऱ्यानं म्हणायचं, "पोथी मिटली, हात मोकळे." तोवर वाजवणाऱ्यानं हुडूक खाली ठेवायचं नाही. बाबलच्या बापानं हे पाळलं, आज्यानं पाळलं.

मग एक दिवस बाबलनं अभिमन्यूची पोथी उघडली. अभिमन्यू ठाऊक आहे ना? अर्जुनाचा मुलगा. तो आईच्या पोटात होता तेव्हा अर्जुन सुभद्रेला चक्रव्यूह समजावून सांगत होता. सैन्य असं गोल गोल उभं करतात, चक्रासारखं. त्यात आत कसं शिरायचं ते सांगून झालं. बाहेर कसं यायचं ते सांगायला लागला आणि सुभद्रेचा डोळा लागला. दमली असेल बिचारी. पोटातल्या बाळानं अर्धंच ऐकलं. आणि मोठा होऊन तेवढ्यावरच लढाईत गेला तो.

तर त्या दिवशी सावळ्याला ताप होता. त्याची आई द्वारकी म्हणाली, "आज राहू दे रे, अंग बघ कसं भाजतंय." तो म्हणाला, "आये, बाबा पोथी उघडून बसलेसुद्धा." आणि गेला. वाजवता वाजवता त्याचा हात अडखळायला लागला. बाबलनं ते बघितलं. मनात म्हणाला, थोडीच तर चित्रं राहिलीत, उरकून टाकू. अभिमन्यूनं चक्रव्यूहात उडी घेतली ते चित्र त्यानं उभं केलं, आणि शेजारी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बघतो तर सावळ्या आडवा झालेला.

बाबलनं हातातलं चित्र टाकलं. पोराला खांद्यावर घेतलं आणि धावत घरी आणलं. वैद्य आला. पाला वाटला, काढा पाजला, देवाला हात जोडले. कशाचा काही उपयोग झाला नाही. सावळ्या गेला.

रडता काय रे? बरं, रडू आलं तर रडा. त्यात लाजायचं काय आहे?

मग बाबलनं सगळ्या पोथ्या एका फडक्यात बांधल्या आणि गाठोडं आढ्याला टांगलं. म्हणाला, "ह्या पोथीपायी माझा पोर गेला. रीत पाळत बसलो मी. आता तोंडातून गोष्ट काढायचा नाही." आणि नाहीच काढली. लोक दारात यायचे. म्हणायचे, "बाबलबुवा, पोरं विचारतात हो, सांगा काहीतरी." हा खांद्यावर कुदळ टाकून शेताकडे चालायला लागायचा. गावातली पोरं तशीच मोठी झाली. रामाचं नाव घ्यायची, पण राम वनात का गेला म्हणून विचारलं तर एकमेकांकडे बघायची. बाबलची धाकटी मुलगी तानी, भाऊ गेला तेव्हा मांडीवर होती. आता ती पाण्याची कळशी आणायला लागली. पण तिला एक गोष्ट ठाऊक असेल तर शपथ. चित्रकथ्याची पोर, बघा!

आणि एक नवल व्हायचं. गाठोड्यात नुसत्या पोथ्या, तरी रोज दिवेलागणीला आढ्यावरच्या त्या गाठोड्यातून हुडूक वाजायचं. अगदी हळू. हात मात्र सावळ्याचाच. बाबल पहिल्यांदा दचकला. मग रोज त्या वेळेची वाट बघायला लागला. द्वारकी चुलीपासून उठून यायची आणि भिंतीला टेकून बसायची. दोघं नुसती ऐकायची. पोराचं तेवढंच उरलं होतं त्यांच्याजवळ.

मग एक दिवस उन्हं उतरताना बाबल विहिरीवर गेला, तर तिथे घोडा उभा. पिंगट रंगाचा, सबंध अंगाभोवती काळ्या शाईची रेघ. बाबलनं ओळखला, त्यानंच रंगवलेला. घोड्याच्या तोंडाला फेस आला होता. बाबलनं पाणी शेंदलं, पुढं केलं. घोडा प्याला. आणखी शेंदलं, आणखी प्याला. विहिरीचा तळ दिसायला लागला तरी तहान काही भागेना.

मग घोडा म्हणाला, "बाबल, माझी तहान चित्रातली आहे. तुझ्या पाण्यानं ती जायची नाही. त्या दिवसापासून मी रथाला जुंपलेला आहे. पुढचं चित्र लाव रे बाबा."

"ते मला सांगू नकोस," बाबल म्हणाला आणि त्यानं पोहरा आपटला. घोड्यानं मान खाली घातली. वळला आणि गेला बिचारा.

मग काही दिवस गेले. आणि एका तिन्हीसांजेला दारात एक बाई आली. चित्रातल्यासारखे मोठे मोठे डोळे, अगदी कानापर्यंत गेलेले. द्वारकीनं तिला पाट दिला, गूळपाणी दिलं. बाई म्हणाली, "मी सुभद्रा. माझा अभिमन्यू आत गेलाय. परत येत नाही आणि मरतही नाही. तलवार उगारलेली तशीच, बाण सुटलेले तसेच हवेत. त्याची बायको उत्तरा दारात उभी आहे. ती कुंकू पुसत नाही आणि लावतही नाही. बाबल, संपव रे."

बाबल म्हणाला, "आई असून मुलाचं मरण मागतेस?"

"मरण तर त्याचं झालेलंच आहे. कोणी सांगत नाही, एवढंच राहिलंय."

मग बाबलनं तिला खरं सांगितलं. म्हणाला, "बाई, गोष्ट संपली की माझ्या पोराचं हुडूक थांबेल. तेवढा आवाज आहे म्हणून आम्ही दोघं जगतो. तो कसा बंद करू?"

सुभद्रेनं गूळपाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझा डोळा लागला होता. तेवढ्या चुकीचं मी आजवर रडते आहे. तू तर जागा आहेस." एवढं बोलून ती गेली. द्वारकीनं रिकामं भांडं उचललं आणि त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

तरी बाबल ऐकेना. माणूस हट्टी असतो, आणि दुःखातला माणूस तर विचारू नका.

मग तिसऱ्या खेपेला अभिमन्यू स्वतः आला. बाबल शेताच्या बांधावर बसला होता, तिथे. हातात उगारलेली तलवार, भोवती हवेत थांबलेले बाण, आणि तोंड एवढंसं, कोवळं. बाबलला बघवेना. अभिमन्यू बांधावर शेजारी बसला.

म्हणाला, "बाबा, एकदा अर्ध्या गोष्टीनं माझा जीव घेतला. आता दुसऱ्या अर्ध्या गोष्टीनं मला मरूही दिलेलं नाही. पण मी माझ्यासाठी नाही आलो."

"मग कोणासाठी आलास?"

"माझ्या रथामागं एक पोरगा बसलाय. सावळासा. हुडूक वाजवतो. त्याला म्हटलं, अरे थांब जरा, दम घे. तो म्हणतो, बाबांनी हात मोकळे म्हटलेलं नाही अजून. कसा थांबू? त्याचे हात सुजलेत, बाबा. आणि त्याचा ताप उतरलेला नाही."

हे ऐकलं आणि बाबलनं बांधावरच डोकं टेकलं. इतके दिवस आपण कान लावून ऐकत होतो, गोड वाटून घेत होतो, आणि पोर तिकडे तापात वाजवत होता! अभिमन्यू कधी गेला तेही त्याला कळलं नाही.

मग तो घरी आला. द्वारकीला सगळं सांगितलं. ती आधी तोंडावर पदर धरून रडली. मग उठली. जमीन झाडली, समई लावली, घोंगडी अंथरली. म्हणाली, "अहो, काढा गाठोडं. पण मधेच थांबलात तर माझ्याशी गाठ आहे. माझ्या पोराला आता आणखी वाजवायला लावायचं नाही." मग तानीला हाक मारली. म्हणाली, "इथं बस. बाबा गोष्ट सांगतायत. तू हं म्हणत जा. हं म्हणणारं कोणी नसलं तर गोष्ट पुढं जात नाही."

बाबलनं गाठोडं सोडलं. चित्रांना धूळ लागली होती, ती धोतराच्या सोग्यानं पुसली. तानीला काहीच माहीत नव्हतं म्हणून त्यानं पहिल्यापासून सांगितलं. सुभद्रेचा डोळा लागला, ते सांगितलं. तानी म्हणाली, "हं." अभिमन्यू आत शिरला, ते सांगितलं. तानी म्हणाली, "हं." आणि आता गाठोड्यातून नाही, शेजारून, घोंगडीच्या रिकाम्या कोपऱ्यातून हुडूक वाजायला लागलं.

मग बाबलनं पुढचं चित्र उभं केलं. थोर थोर योद्धे, सगळे मिळून एकट्या पोरावर तुटून पडले. कोणी धनुष्य तोडलं, कोणी घोडे मारले, कोणी पाठीमागून वार केला, तरी तो रथाचं चाक उचलून लढत राहिला. तानीला राग आला. म्हणाली, "एवढे सगळे मिळून एकाला? आणि त्याचे बाबा कुठे होते?"

बाबलनं चित्र गुडघ्यावर टेकवलं. हुडूकही अडखळलं. द्वारकी म्हणाली, "सांगा. विचारतेय ती."

"बाप दुसऱ्या लढाईत गुंतला होता गं," बाबल म्हणाला. "पोराचं काय होतंय ते त्याला कळलंच नाही."

"हं," तानी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मग शेवटचं चित्र. अभिमन्यू जमिनीवर पडलेला, चाक बाजूला. बाबलनं ते उभं केलं आणि स्पष्ट सांगितलं, "अभिमन्यू मेला." गोष्ट संपली. पण हुडूक संपेना. ते वाजतच राहिलं, दमलेलं, मागे पडत पडत. बाबलच्या तोंडातून ते शेवटचं वाक्य निघेना. द्वारकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "म्हणा ना हो. लेकरू वाट बघतंय."

मग बाबल म्हणाला, "पोथी मिटली. हात मोकळे. सावळ्या, ठेव बाळा खाली. खूप वाजवलंस."

आणि हुडूक थांबलं.

तिघंही रडली. बाबल तर मुलगा गेला त्या दिवशीही एवढा रडला नव्हता. रडून झाल्यावर चित्राकडे बघितलं, तर अभिमन्यूचे डोळे मिटलेले. पिंगट घोडा कडेला हिरव्या रंगात मान खाली घालून चरत होता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली. बाबल सवयीनं आढ्याखाली येऊन बसला. द्वारकीही आली, भिंतीला टेकली. काही वाजलं नाही. वाजणार नव्हतंच, पण कान ऐकतात होय? बाहेर गुरं परत आली, धूर वर चढला, अंधार पडायला लागला. घर इतकं गप्प कधी नव्हतं.

तेवढ्यात तानी आली आणि बापाच्या मांडीला चिकटली. म्हणाली, "बाबा, पुढं काय झालं?"

बाबल म्हणाला, "पुढं? पुढं संध्याकाळी अर्जुन परत आला."

"त्याला कोणी सांगितलं, अभिमन्यू गेला म्हणून?"

बाबलनं वर आढ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "कोणी सांगितलं नाही गं. रोज तो छावणीजवळ आला की वाद्यं वाजायची. त्या दिवशी एकही वाद्य वाजत नव्हतं. त्यावरूनच बापाला कळलं."

"हं," तानी म्हणाली, आणि तिनं त्याचा हात घट्ट धरला. मग त्यानं तिला पुढचं सांगितलं. आणि त्याच्या पुढचं. रोज दिवेलागणीला सांगत गेला, रामाचं, सीतेचं, सगळ्यांचं. दारात गावातली पोरं येऊन बसायला लागली. मग तानी मोठी झाली, चित्रं रंगवायला लागली, देवळात बसून स्वतः पोथी सांगायला लागली. शेजारी बाबल बसायचा आणि हं म्हणायचा. सुखी झाली म्हणायची ती माणसं. घास गोड लागायला लागला, द्वारकी सणाला दारात रांगोळी काढायला लागली. सावळ्याची आठवण यायची ती यायचीच.

झालं. एवढीच होती गोष्ट. पुसा डोळे, घ्या पांघरुणं, आणि झोपा बघू आता.