निनादच्या खाटेपाशी

“मी कुठं कमी पडतेय, बुवा?”

नंदानं विचारलं तेव्हा मिरजेच्या इस्पितळात दुपार कलली होती. खाटेवर तिचा लहानगा मुलगा निनाद भिंतीकडे तोंड करून पडला होता. जन्मापासून त्याचं हृदय अधू. अन्ननलिकाही धड नव्हती, दूध नाकातल्या नळीनं पोटात जायचं. या खेपेला छातीत कफ दाटला आणि मुक्काम लांबतच गेला.

गुंडोबुवा कुरुंदवाडहून एस.टी.नं आले होते. लहानपणी नंदा त्यांच्याकडे गाणं शिकली. पहाटेचा घाट, नदीवरचा गारवा, ओसरीवर जुळणारा तंबोरा... बुवांना दारात बघितलं आणि तिला ते सगळं एकदम आठवलं.

मग ती सांगत सुटली. कुठलं औषध कशावर, यंत्राचा कुठला आवाज खरा आणि कुठला उगाच, डॉक्टरसुद्धा आधी तिलाच कसं विचारतात. नळीला ती नर्सला हात लावू देत नव्हती. सासूबाईंना खाटेशी बसू देत नव्हती. सांगताना मान जरा ताठ होतीच.

आणि मग ती मान खाली गेली.

“एवढं करते, तरी मी जवळ गेले की तो अंग चोरतो. मला भितो, बुवा.”



बुवांनी खुर्ची पुढं ओढली आणि आपला हात खाटेच्या कडेवर उताणा ठेवला. निनाद आणखी भिंतीला चिकटला. बुवांनी हात पुढं सरकवला नाही, मागंही घेतला नाही.

नंदाची चुळबुळ सुरू झाली. पूर्वीही असंच व्हायचं. तंबोरा जुळला तरी बुवा डोळे मिटून गप्प बसायचे. ‘गा’ असं म्हणायचेच नाहीत. कधीतरी आपसूक सूर लागायचा.

नर्स येऊन गेली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं...

निनाद वळला. त्या हाताकडे बघत राहिला, सुई कुठं लपलीय ते शोधत असल्यासारखा. मग एक बोट तळव्यावर टेकवलं. मग सगळी मूठच आत ठेवली, आणि तसाच झोपी गेला.

नंदा बघत राहिली. तिचाही हात त्याच्याकडे जायचा, दिवसातून कितीदा तरी. नळी साफ करायला, कफ ओढायला, सुई टोचताना धरून ठेवायला. आणखी कशाला गेला होता, ते तिला आठवेना.

पुढं निनाद घरी आला. त्यानंतरही शस्त्रक्रिया झाल्या, मुक्काम पडले. आता तो आईच्या खांद्याला लागतो. नळी अजून आहे, बुवा मात्र राहिले नाहीत. औषधांची जुनी नावं नंदा विसरत चाललीय, पण त्या दुपारची तिला ओढ लागते. इस्पितळाची आठवण येणारी मीच एकटी असेन, असं ती नवऱ्याला हसून सांगते.

त्या दुपारी बुवा उठायला लागले, तेव्हा तिनं हळूच विचारलं होतं,

“मी बसू तिथं?”

“हात धुऊन ये.”

“आत्ताच धुतलेत, बुवा.”

बुवांनी तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले...

“काम चिकटलंय अजून, नंदे.”