अँडीजवर हरभरा शिजेना

फार मागे, अँडीज पर्वतावरच्या एका झोपडीत मडकं सकाळपासून चुलीवर होतं. विरळ हवेनं धाप लागून पाहुणा आडवा झाला होता आणि त्यानंच खालून आणलेला हरभरा काही शिजत नव्हता.

"शिजलास का रे?" मडकं वैतागलं. "सरपण संपत आलंय, पाहुणा उपाशी आहे."

"मी मैदानातला राजा. मला घाई करू नकोस."

कंटाळून घरधनिणीनं त्या डोंगरातलंच मोहरीएवढ्या दाण्यांचं धान्य, किनवा, धुऊन, त्याचा कडूपणा काढून मडक्यात टाकला. तो लगेच फुलला. गरम पेज पिऊन पाहुणा उठून बसला.

तळाशी टणकच राहिलेला हरभरा कुरकुरला, "पण पाणी तर खदखदत होतं."

"इथं उंचावर पाण्याला खळखळाट फार, धग कमी," मडकं म्हणालं. "तुझ्यासारखंच."