घेरातली जागा

एका नदीच्या वळणावर, करंजाच्या मुळांखालच्या बिळात, पाणमांजरांचे एक कुटुंब राहत असे. आजी, बाबा, आई, ताई आणि धाकटी. आईला नुकतीच पिल्ले झाली होती, अजून डोळेही न उघडलेली. त्यांना सोडून तिला बाहेर पडता येईना. उन्हाळ्याने नदी आटली होती, उरलेसुरले मासे एका डोहात दडले होते आणि आदल्या दिवशी घरच्यांच्या हाती काहीच लागले नव्हते. आई उपाशी होती. ती उपाशी राहिली तर पिल्लांना दूध कुठून मिळणार? घेर धरायला एक जण कमी पडत होते, म्हणून आजीने ठरवले की आज धाकटीलाही मासेमारीला न्यायचे.

मुलांनो, जत्रेला जायचे ठरले की तुमची झोप उडते की नाही? धाकटीचेही तसेच झाले. उजाडायच्या आधीच ती तयार. बाबांच्या पाठीवर चढून झाले, ताईची शेपटी ओढून झाली, कधी निघायचे म्हणून आजीचे डोके खाऊन झाले. आईने तिच्या मिशा चाटून नीट केल्या, तेवढा वेळही तिला धीर धरवेना.

वाटेत आजीने तिला सगळे समजावले. पाणमांजरे मासे धरतात ती घेर धरून. सगळ्यांनी ओळीने पसरायचे, शेपट्या आपटत पुढे सरकायचे आणि माशांना हाकत हाकत उथळ पाण्यात न्यायचे. धाकटीची जागा घेराच्या टोकाला, काठालगत होती. आजी म्हणाली, "काही झालं तरी आपली जागा सोडायची नाही. आणि माझी शीळ ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." धाकटीने मान डोलावली खरी, पण तिचे अर्धे लक्ष आजीकडे आणि अर्धे डोहाकडे होते.

डोहावर वाकलेल्या फांदीवर एक खंड्या बसला होता. स्वतःवर भारी खूश असलेला पक्षी. घेर लागताना पाहून त्याला हसू आले. तो धाकटीला म्हणाला, "एवढी सगळी मिळून मासे धरणार? मला बघ. सूर मारला की मासा माझा. कुणाची वाट बघावी लागत नाही." असे म्हणून त्याने खरेच सूर मारला आणि चोचीत मासा घेऊन तो फांदीवर परतला. धाकटी बघतच राहिली. तिला वाटले, आपणही असाच स्वतःचा मासा धरावा आणि थेट आईपुढे नेऊन ठेवावा.

घेर सरकू लागला. पाणी खळबळले, मासे पुढे पळू लागले. धाकटीने शेपटी इतक्या जोरात आपटली की बाबासुद्धा वळून हसले. एवढ्यात तिच्या नाकासमोरून एक चंदेरी मासा चमकून गेला. मग कसली शीळ आणि कसले काय! धाकटीने झेप घेतली आणि मासा दातांत धरला. धरला की हो! आनंदाने ती पाण्याबाहेर उसळली.

खाली मात्र तिच्या रिकाम्या जागेतून माशांचा सगळा थवा निसटून पुन्हा खोल पाण्यात गेला. बाबा, ताई, आजी उथळ पाण्यात रिकाम्या तोंडाने उभी राहिली. धाकटीचा मासा बोटभर होता. त्याने आईचे काय होणार?

कुणी तिला रागावले नाही, आणि त्यानेच तिला जास्त रडू आले. बाबांचे म्हणणे पडले की तिला काठावर बसवावे. आजीने ऐकले नाही. ती धाकटीजवळ आली. "मासा छान धरलास. पण तुझी जागा कुणी धरायची होती, बाळ? जा, तिथेच उभी राहा."

पुन्हा घेर लागला. ऊन चढले होते, मासे सावध झाले होते. पुन्हा निसटले असते तर ते दिवसभर वर आले नसते. धाकटी डोळे ताणून शेपटी आपटू लागली. मासे तिच्या कानाशेजारून सळसळत होते, तिच्या तोंडाला पाणी सुटत होते. मग एक भलीमोठी मरळ सरळ तिच्याच अंगावर आली. धाकटीच्या नाकावर तिने धडकही दिली! नुसते तोंड उघडले असते तरी मरळ दातांत आली असती. धाकटीने दात आवळून धरले आणि जागेवरूनच फाडकन शेपटी मारली. मरळ गर्रकन वळली आणि तिच्यामागे सगळा थवा वळला, थेट वाळूकडे.

आजीची शीळ घुमली! मग काय धमाल उडाली म्हणता! उथळ पाण्यात मासेच मासे. बाबांनी ती मरळ धरली, ताईने दोन मासे एकदम तोंडात कोंबले, आजी तर म्हातारी असल्याचेच विसरली. खंड्याने वरून विचारले, "काय गं, तुझ्या वाट्याला काय आलं?" पण धाकटीला उत्तर द्यायला सवड नव्हती. ती आनंदाने ओरडत मासे परतवत होती आणि त्या गडबडीत तिच्या स्वतःच्या तोंडी एकही लागला नाही.

बिळात आईपुढे माशांचा ढीग पडला. आई पोटभर जेवली, पिल्ले तिच्या कुशीत चुटूचुटू दूध पिऊ लागली. मग तिने कौतुकाने विचारले, "यातला तू धरलेला कुठला गं?"

धाकटीने ढिगाकडे पाहिले, बाबांकडे, ताईकडे आणि आजीकडे पाहिले.

"सगळे," ती म्हणाली.

तात्पर्य : सगळ्यांनी मिळून हाती घेतलेल्या कामात जो आपली जागा सोडत नाही, त्याचा वाटा सगळ्या यशात असतो.