वाघचौरे साहेबांच्या पाठीमागचा पडदा

अंध शाल्मली मोबाइलवरचा मजकूर ऐकून काम करते. कॉलेज प्रवेशाच्या वेबसाइटवर तिला जागा मिळाल्याची सूचना झळकली, पण वेबसाइटने ती ऐकवलीच नाही. मुदत संपली, जागा गेली.

प्रवेश विभागाचे संचालक वाघचौरे गुरगुरले, "सूचना दिली होती. लक्ष ठेवायचं!"

पुढे एका समारंभात इतर मानकऱ्यांसोबत त्याच वेबसाइटसाठी साहेबांचाही सत्कार ठरला. सूत्रसंचालन कार्यक्रमांचं निवेदन करणाऱ्या शाल्मलीकडेच होतं. साहेब व्यासपीठावर मान ताठ करून बसले आणि हार पुढच्याच मानकऱ्याच्या गळ्यात पडला.

"अहो, माझं नाव का नाही पुकारलं?"

"तुमच्या मागच्या पडद्यावर झळकलं होतं, साहेब. लक्ष ठेवायचं!"

"माझ्या पाठीला डोळे आहेत का?"

"मला तर पुढेही नाहीत."

सभागृह खदखदून हसलं. शाल्मलीला जागा परत मिळाली, वेबसाइटही प्रत्येक नवी सूचना ऐकवू लागली. साहेबांना अक्कल आल्याची सूचना मात्र अजून आलेली नाही.