बाईंची डबी

राजे हत्तीवरून फिरायचे आणि नाटकं मशालींच्या उजेडात रंगायची, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका नगरात एक म्हातारी नटी होती. सगळे तिला बाई म्हणत. आता त्या नाटकात म्हाताऱ्या दाईची कामं करायच्या आणि मुलींना अभिनय शिकवायच्या.

शिकवायच्या काय, तर रोज एकच. "समोरचा बोलतो तेव्हा ऐका. आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघू नका."

केतकी नावाच्या शिष्येच्या मनात पाल चुकचुकली. 'कान काय सगळ्यांनाच असतात. बाई खरी विद्या लपवताहेत.' तिनं पाळत ठेवली. रंगमंचावर जाण्याआधी बाई पाठ फिरवून एका डबीतलं काहीतरी तोंडात टाकत. झालं, चोर सापडला.

एका दुपारी तिनं गुपचूप डबी उघडली. आत ज्येष्ठमधाचे तुकडे होते, घशासाठी. दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. ही बया मनात म्हणते, 'माझी चाहूल लागली, म्हणून अस्सल वस्तू काढून घेतली.' आता सांगा, अशा माणसाची समजूत कुणी घालायची?

वसंतोत्सवात राजासमोर खेळ ठरला. जिची भूमिका उत्तम वठेल तिला बाई आपली जागा देणार होत्या. केतकी राणी झाली, सगुणा नावाची साधीशी मुलगी दासी.

खेळ सुरू झाला. दूत विजयाची बातमी घेऊन आला, पण राजाला बघून बिचारा गडबडला. पुढच्या अंकातलं वाक्य त्याच्या तोंडून निसटलं, "महाराज रणात पडले."

केतकीचं सगळं लक्ष पडद्याआड होतं. बाई तिथं डबी उघडत होत्या. दूत थांबला एवढंच तिला कळलं. ती हसून म्हणाली, "दारी तोरणं बांधा, हत्तीवरून साखर वाटा."

सभा खो खो हसली.

तेवढ्यात दासी पुढं झाली. "राणीसाहेबांना ठाऊक आहे, महाराज असे हरायचे नाहीत. दूता, नीट आठव. महाराज पडले, आणि मग?"

दूताच्या जिवात जीव आला. "मग उठले. आणि जिंकले."

हसणाऱ्या सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला.

खेळ संपल्यावर बाईंनी आपली जागा सगुणाला दिली. केतकी रडत म्हणाली, "हिला तुम्ही वेगळं काय शिकवलंत, ते तरी सांगा."

"तुला सांगितलं तेच. तिनं ऐकलं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी ती डबी केतकीच्या हातावर ठेवली. "घे. तुझं लक्ष या डबीवरच होतं ना?"

केतकीनं डबी उघडली. आत ज्येष्ठमधच होता.

तात्पर्य: गुरूची बंद मूठ न्याहाळत बसणाऱ्याला उघड्या हातानं दिलेलंही घेता येत नाही.