खरवसाचा कोन

तुम्ही चव निवडलीत, पण ती कुणाच्या तोंडातून काढून आणली हे विचारलं नाहीत.

जंगलात नुकतीच दुकानं निघू लागली होती, तेव्हाची गोष्ट. कोल्ह्याने सॉफ्टीचं मशीन आणलं आणि फ्लेवर ठरवायला सगळ्यांना बोलावलं. अस्वल म्हणालं, "व्हॅनिला, आंबा सगळीकडेच मिळतो. ताज्या चिकाचा खरवस ठेव."

चंद्री म्हैस त्याच सकाळी व्याली होती. कोल्हा बादली घेऊन तिच्याकडे गेला.

"पहिला चीक रेडकाचा असतो," चंद्री म्हणाली. "तो पोटात गेला नाही तर ते जगायचं नाही."

"मावशी, नुसता नमुना हवाय. बाकीचा त्याचाच."

पण पहिल्या मिश्रणात वेलची जास्त झाली. मग कुणाला जायफळ हवं होतं. गूळ की साखर, यावर संध्याकाळपर्यंत वाद चालला आणि प्रत्येक वेळी कोल्हा रिकामी बादली घेऊन परत चंद्रीकडे आला. चंद्रीने लाथ झाडली, तेव्हा तिचे पाय बांधले. तरी दुष्ट कुणीच नव्हतं, सगळे फक्त चव बघत होते. रेडकू धडपडत उठलं, पडलं आणि मान टाकून तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग लागली. पलीकडे चंद्री गार पडलेल्या रेडकाला चाटत होती. तिचं रेकणं रांगेपर्यंत ऐकू येत होतं.

शेवटचा कोन सशाला मिळाला. कोन चाटत चाटत त्याने कोल्ह्याला विचारलं, "चव मस्त जमलीय. आता कोण व्यायला झालीय?"