माळावरचा विंचू

एकदा एक तरुण शिक्षिका एका वृद्ध बाईंच्या हाताखाली बालवाडी चालवायला शिकत होती. कोकणातल्या त्या बाई चार-चार वर्षांच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायच्या, आणि तेही थेट माळावर नेऊन. शिष्येला त्या माळाची धास्ती होती. तिचा धाकटा भाऊ लहानपणी विंचू चावूनच गेला होता. मुलं गवतात शिरली की तिचा जीव टांगणीला लागे. उद्या कुणाच्या आईला काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार मनात.

एके सकाळी मुलांना चार हात लांब बसवून बाईंनी काठीने एक दगड कलता केला. खाली तांबडा विंचू, नांगी उभारलेला.  शिष्येने पायातली चप्पल उपसली.

"ती पायात घाल," बाई म्हणाल्या. मग मुलांकडून त्यांनी विंचवाचे आठही पाय मोजून घेतले, नांगी कुठे ते विचारलं, आणि दगड अलगद जिथला तिथे टेकवला.

परतताना शिष्येला राहवेना. "बाई, जिवंत सोडलात त्याला. यातल्या एकाला चावला तर?"

बाई थांबल्या. "भीती मलाही वाटते गं, चाळीस वर्षं झाली तरी. पण तू तो मारला असतास, तर पोरांना एवढंच कळलं असतं की विंचू होता आणि ताईंनी मारला. मेलेल्याला कोण भितं? आता तो आहे, आणि कुठे राहतो, हे त्यांना ठाऊक झालं. तू काय जन्मभर चप्पल घेऊन त्यांच्या पुढे चालणार आहेस?"

शिष्येला ते पटलं. भीती मात्र हटली नाही.

चार दिवसांनी अंगणात खेळताना चेंडू कुंपणाच्या गडग्याच्या दगडांत जाऊन अडकला. छोटी शमिका धावली आणि तिने फटीकडे हात नेला. शिष्या दूर होती. तिने ओरडायला तोंड उघडलं.

पण त्याआधीच शमिकाचा हात आपणहून थांबला. तिने वाकून आत पाहिलं आणि हात मागे घेतला.

"ताई, काठी आणा ना. आत कुणाचं तरी घर असेल."

शिष्येने काठी नेऊन चेंडू बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी माळावरचा पहिला दगड तिने उलटला. भीत भीतच, पण मुलांना नीट बघू देऊन.